आधी समुद्र

माझी मुलगी कुठेही निघाली की आधी मोबाईलवर खोली बघते. खोलीचा फोटो, न्हाणीघराचा फोटो, सकाळी खायला काय मिळणार त्याचा फोटो. परवा इथे साताऱ्यात माझ्याशेजारी बसून तिचं असंच चाललं होतं. मध्येच तिने विचारलं, "आई, दहावीच्या सुट्टीत तू एवढी दक्षिणेत फिरलीस म्हणतेस, मग राहायचात कुठे गं?" मी म्हटलं, "गलाईच्या दुकानात. भट्टीशेजारी, जमिनीवर." तिला वाटलं मी थट्टा करतेय. थट्टा कसली डोंबलाची! त्या प्रवासाच्या गमती मी घरात इतक्यांदा सांगितल्यात की नातू आता माझ्याआधीच पुढचं वाक्य म्हणतो. पण मी गमती तेवढ्या सांगते, बाकीचं गिळते. आज बाकीचंही लिहायला बसले आहे. गमती सांगताना मला अजूनही गंमत वाटते, आणि लाज वाटते ती त्याचीच.

आमचं गाव आटपाडीजवळ. पाऊस आमच्याकडे यायचा तो वाट चुकल्यासारखा, आणि लगेच निघून जायचा. त्यामुळे गावातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्याला परमुलखात. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणं. देशातल्या कुठल्याही शहरात जा, सराफांची गल्ली विचारा, तिथे एखाद्या जिन्याखाली भट्टी पेटलेली असते आणि भट्टीपुढचा घामेजलेला माणूस आपलं बोलणं ऐकून विचारतो, "पावणं कुनीकडचं?" एकदा गाव सांगितलं की राहण्याजेवणाची काळजी मिटली. ओळख असो नसो. तुम्ही त्याला गावाकडच्या बातम्या द्यायच्या, त्याने तुम्हाला भाकरी आणि अंथरूण द्यायचं, असा तो रिवाज. त्याच्या जोरावर आमच्याकडच्या अडाणी बायका बिनधास्त मद्रासपर्यंत जाऊन यायच्या.

घरात आम्ही एकत्र. आई-बाबा, थोरले काका, काकी, आम्ही पोरं. पहाटे मला जाग यायची ती काकीच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने आणि मग काकांच्या खाकरण्याने. काका खाकरले की घर गप्प व्हायचं, कोंबड्यासुद्धा. काकीचा एकुलता एक दत्ता ते खाकरणं असं हुबेहूब करायचा की आई परातीवरून ताडकन उठायची. माझ्यापेक्षा तो चार वर्षांनी मोठा. शाळेत डोकं चालेना म्हणून त्याला सेलमला गावच्याच एका मालकाकडे गलाई शिकायला धाडलं. दरवर्षी जत्रेला तो अत्तराच्या वासाचा शर्ट घालून यायचा. त्या वर्षी आला नाही. त्याच्याऐवजी बातमी आली.

गलाईच्या दुकानातला केरसुद्धा टाकत नाहीत. सोन्याचे कण उडतात, धुळीत मिसळतात, म्हणून ती धूळ झाडून साठवतात आणि पुढे त्यातून सोनं काढतात. सेलमच्या दुकानातलं त्या धुळीचं मडकं गायब झालं होतं. मालकाने सगळ्यांदेखत दत्ताचे कपडे झाडून बघितले. काही सापडलं नाही, पण दत्ता त्याच संध्याकाळी न सांगता निघून गेला, आणि निघून गेला म्हणजे चोरच, असं ठरलं. काकांनी ते ऐकलं, खाकरले आणि म्हणाले, "चोर माज्या उंबऱ्यात नगं." पुढे कित्येक महिने दत्ताचा ठावठिकाणा नव्हता. जिवंत आहे का तेही माहीत नव्हतं. काकी कामं करत होती, पण ताटात घेतलेली भाकरी निम्मी ठेवून उठायची. माझी परीक्षा संपली त्या दिवशी ती सगळ्यांपुढे म्हणाली, "मी सेलमला चालली. हिला संगं न्हेती. हिला हिंदी येतंय." काका उठून बाहेर गेले. सकाळी मात्र आमचं गाठोडं त्यांनी स्वतः एसटीत चढवून दिलं.

हिंदीचा सेलममध्ये काडीचा उपयोग नसतो हे मला तिथे पोचल्यावर कळलं. काकीला कधीच कळलं नाही, कारण ती सगळ्यांशी मराठीतच बोलायची, जरा मोठ्याने. आणि लोकांना कळायचं! मिरजेला पॅसेंजर गाडीच्या जनरल डब्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. काकी दारात आपल्या गाठोड्यावर बसली आणि समोरच्या बाईला म्हणाली, "मावशे, माजं गुडघं दुकत्यात गं." हुबळी यायच्या आत आम्ही खिडकीशी होतो आणि त्या कानडी मावशीचं पोर काकीच्या मांडीवर झोपलं होतं. आमच्याकडे बाजरीच्या भाकरी, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. काकी ती चटणी डब्यात सगळ्यांना चिमूट चिमूट द्यायची आणि बदल्यात दहीभात यायचा, चिंचेचा भात यायचा, केळी यायची. आमच्याकडे भात सणासुदीला. "रोजच सन चाललाय बग," असं काकी म्हणायची आणि लगेच हातातला घास खाली ठेवायची.

स्टेशनवरच्या नळावर आंघोळ उरकायची, धुतलेलं लुगडं गाडी सुटली की खिडकीतून बाहेर सोडायचं. मी एक टोक धरायचे, काकी दुसरं. पुढच्या स्टेशनापर्यंत कडकडीत वाळायचं. बेंगलोरला एका देवळात केळीच्या पानावर जेवलो तर काकीने ते पान धुऊन, पुसून गाठोड्यात ठेवलं. म्हणे, "आपल्या म्हशीला." ते पान पुढे कितीतरी दिवस आमच्याबरोबर फिरलं. मी पंधरा वर्षांची होते. तोवर सांगलीसुद्धा दोनदाच बघितली होती. खिडकीतून तोंड बाहेर काढलं की कोळशाचे कण डोळ्यांत जायचे, आणि मला वाटायचं, असंच चालू राहावं. दिवे लागले की काकी हात जोडून पुटपुटायची, "माजं पोरगं घावू दे." मीही हात जोडायचे. पण खरं सांगते, घावला की परत जायचं, हे माझ्या मनातून जायचं नाही. तेव्हा मी नुसते हात जोडून बसायचे, मागायचे काहीच नाही.

सेलमला मालकाने आम्हाला बघितलं आणि भट्टीपुढून उठून काकीच्या पायाशीच आला. मडकं सापडलं होतं. त्याच्याच मेव्हण्याने नेलं होतं. "वैनी, माज्याकडनं लय वंगाळ झालं," तो म्हणाला. "पोराला सांगा, मालकानं हात जोडल्यात म्हून." काकी त्याला शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "कुटं गेला आसंल?" तो म्हणाला, कोईमतूरला आपली दुकानं जास्त, तिकडे बघा. आता काकीला नुसता पोरगा शोधायचा नव्हता, तर त्याला सांगायचं होतं की तू चोर नाहीस, घरी चल. हा निरोप घेऊन ती अशी निघाली की प्लॅटफॉर्मवर मला तिच्यामागे पळावं लागलं.

कोईमतूरच्या दुकानात मालक, त्याची बायको मालन आणि कामाची पोरं माडीवर राहायची. आम्ही खाली भट्टीशेजारी झोपलो. सोनं गाळताना टाकायच्या टाकणखाराचा आणि तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, वास नाकात बसायचा. सकाळी उठले आणि चादर झटकणार, तर मालनकाकू ओरडली, "आगं थांब, थांब! सोनं घालीवतीस का काय!" चादर एका मोठ्या कापडावर झटकायची, पाय एका टोपात धुवायचे आणि ते पाणी साठवायचं, असा तिथला नियम. काकी टोपात पाय बुडवून म्हणाली, "घरी काकान्ला सांग, तुमची बायकू सोन्याच्या पान्यात पाय धुवून आली." सगळी पोरं हसली. तेवढ्यात गावाकडच्या बातम्या सुरू झाल्या. कोण गेलं, कुणाचं लग्न मोडलं, पाऊस पडला का. पाऊस पडला नाही, हे ऐकल्यावर एकेक जण उठून कामाला लागला.

मालक म्हणाला, "दत्ता हितं न्हाई." हे सांगताना तो भट्टीकडे बघत होता. "आपली दुकानं लय हाईत वैनी. कालिकतला हाईत, मदुरेला हाईत. इचारत जावा." दुपारी काकी मालनकाकूबरोबर मागच्या दारी धुणं धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. त्या रात्री ती पोटभर जेवली, ताटातलं काही ठेवलं नाही. मला वाटलं, दमली असेल.

कामाच्या पोरांपैकी एकाने मला सांगून ठेवलं होतं की कालिकतला समुद्र आहे, स्टेशनावर उतरलं की चालत जाता येतं. मदुराईला काय? देऊळ. देवळं मी बघितली होती. झोपताना मी काकीला म्हटलं, "काकी, आदी कालिकतला जाऊया गं. समुद्र हाय तितं." तिने अंधारात कूस बदलली. मी परत म्हटलं, "पयलं समुद्राकडचं बघू, मग मदुरेकडचं. दत्तादादा कुटं बी आसंल की." माझे हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. शेवटी काकी म्हणाली, "बरं. आदी समुद्र."

कालिकतला आमच्या भागातला एक म्हातारा गडी एकटाच दुकान चालवायचा, तात्या म्हणायचे त्याला. गावाकडची दोन बायामाणसं दारात बघून तो इतका हरखला की काय करू नि काय नको. दत्ता त्याच्याकडे नव्हता, त्याने नावही ऐकलं नव्हतं. त्याने खोबरेल तेलात कालवण केलं. काकी घास घेऊन माझ्याकडे बघायला लागली. "डोस्क्याला लावायच्या तेलात केलंय गं," ती कुजबुजली, आणि आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हसलो. माझ्या अंगावर कसला पदर, मी तिचाच कोंबला.

आणि मग समुद्र. त्याचं वर्णन करायच्या भानगडीत मी पडत नाही. आटपाडीच्या माणसाने समुद्र पहिल्यांदा बघणं म्हणजे काय ते आटपाडीच्या माणसालाच कळेल. काकी बराच वेळ वाळूत उभी राहिली. मग तिने तात्याला विचारलं, "हे समदं पानी खारं?" तो म्हणाला, व्हय. "समदं? कडंपत्तूर?" व्हय. "आन कुनीच काय करत न्हाई त्येचं?" तिला खरोखर राग आला होता. एवढं पाणी आणि वाया! तिने वाकून ओंजळीत घेऊन चाखलं, थुंकली, आणि तेवढ्यात लाट आली ती थेट गुडघ्यापर्यंत. काकी किंचाळली आणि हसायला लागली. काकीला तसं हसताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. लुगडं वर खोचून ती लाटेपुढे पळायची, लाट परतली की तिच्यामागे जायची. "आलीस व्हय गं भवाने! ये, ये!" असं लाटेला म्हणायची. मी तर नखशिखांत भिजले होते. संध्याकाळी तात्या म्हणाला, "उद्या बी ऱ्हावा की. कोन येतंय माज्याकडं." काकीने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "ऱ्हातो." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत समुद्रावर गेलो. दुपारीही गेलो.

मदुराईला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. कोईमतूरहून आणलेल्या पत्त्यावर गेलो, मालकाला गाव सांगितलं, काकीने दत्ताचं नाव घेतलं. तो माणूस उठून आत गेला आणि त्याने पडदा बाजूला केला. आत खाटेवर दत्ता बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला. आदल्या दिवशी दुपारी तेजाबाची बरणी फुटली होती.

आदल्या दिवशी दुपारी! मी ते ऐकलं आणि तिथेच मटकन खाली बसून रडायला लागले. असं रडले की शेजारच्या दुकानातली माणसं गोळा झाली. दत्ताच उठून मला समजवायला लागला, "आगं, बरा हाय मी. रडू नगं येडे." काकी उंबऱ्यावर बसून राहिली होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती तिथूनच म्हणाली, "तू चोर न्हाईस दत्ता. मालकानं हात जोडल्यात. घरला चल." मग दत्ता रडला.

त्या हाताची तीन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. गलाईचं काम सुटलं. परत येताना गाडीत दत्ताला आम्ही खिडकीशी बसवलं होतं. काकांनी त्याला दारात बघितलं, हाताकडे बघितलं, आणि खाकरायला गेले तर त्यांना खाकरताच आलं नाही. गावात मात्र माझी कीर्ती झाली. चुलतभावासाठी पोर किती रडली! आई तर पाहुण्यांना मुद्दाम सांगायची. दत्ताने ते आयुष्यभर धरून ठेवलं. एकही भाऊबीज त्याने चुकवली नाही. माझ्या मिस्टरांचं आजारपण निघालं तेव्हा साताऱ्याच्या दवाखान्यात तोच बाकावर झोपायचा. डाव्या हाताने डबा उघडून मला वाढायचा आणि म्हणायचा, "तू माज्यासाटी रडलीस त्या दिवशी, माज्या आयेच्या बी आदी." मी खाली बघून जेवायचे. काय सांगणार होते? मला समुद्र बघायचा होता, म्हणून तुझ्याकडे यायला उशीर झाला रे दादा. एकदा नाही, दोनदा मी मागितला, आणि दुसऱ्यांदा तर काकीला विचारलंसुद्धा नाही. कुणी म्हणेल, तुला काय माहीत होतं तो कुठे आहे, आधी इकडे गेलीस काय नि तिकडे गेलीस काय. हे मी स्वतःलाही पुष्कळ वेळा सांगून बघितलं आहे. पण डाव्या हाताने शर्टाची बटनं लावताना दत्ता अडतो, ते काही त्याने सुटत नाही.

काकी गेल्या वर्षी गेली, म्हणून हे लिहिता येतंय. दत्ता वाचेल. वाचू दे, मला आता लपवायचा कंटाळा आला. ती जायच्या आधीच्या दिवाळीत मी आटपाडीला गेले होते. दत्ताची डाळिंबाची बाग आहे आता, तो बागेतच होता. काकी पार वाकली होती, पण हात रिकामे ठेवायची नाही. आम्ही दोघी सोप्यात शेंगा फोडत बसलो होतो. मी मनाशी ठरवूनच गेले होते. म्हटलं, "काकी, एक सांगायचं हाय. त्या वक्ताला मी आदी समुद्र म्हनले. मी तसं म्हनले नसते तर आपुन आदी मदुरेला गेलो असतो."

काकी शेंगा फोडतच राहिली. मग म्हणाली, "मला ठावं हुतं."

"काय ठावं हुतं?"

"दत्ता मदुरेला हाय त्ये. कोईमतूरच्या मालनीनं धुन्याच्या दगडापाशी सांगितलं हुतं. तिच्याच भावाचं दुकान हुतं मदुरेचं. तिच्या मालकानं पोराला शबूद दिला हुता, कुनाला सांगनार न्हाई म्हून, पन तिला माजं तोंड बगवंना. म्हनली, बरा हाय, खातोय-पितोय, जाऊन धरा त्याला."

एवढी वर्षं मी समजत होते की आम्ही अंदाजाने एक वाट धरली आणि ती चुकली. "मग गं?" मी विचारलं. "मग कालिकतला कशाला नेलंस मला?"

"तुला कुटं न्हेलं? मी गेली." काकीने हातातली शेंग खाली ठेवली. "पोरगं बरं हाय कळलं आन माजा जीव असा हलका झाला गं. वाटलं, लगीन झाल्यापास्नं चुलीम्होरनं उठली न्हाई मी. दोन दीस. पोरगं काय पळून जातंय का आता. तू समुद्र म्हनलीस, मला तुज्यावर ढकलायला बरं झालं." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "त्याच्या हातावर त्ये तेजाब पडलं तवा मी पान्यात हुती. लुगडं वर धरून दात काढत हुती. आन खोटं कशाला बोलू, तसला दीस माज्या जल्मात परत आला न्हाई."

"माज्या बी न्हाई, काकी," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी एकदम दाराकडे बघायला लागलो, दत्ता बागेतून आला तर नाही ना म्हणून.